जिरो ओनो, सुशी आणि सहा महिने तांदूळ धुणारा मुलगा

सांजवात (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मुलाने हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि मुंबईतल्या एका जपानी रेस्तराँमध्ये लागला. त्याला आता सहा महिने झाले. या सहा महिन्यांत त्याने माशाला हात लावलेला नाही. तो तांदूळ धुतो, भात शिजवतो, लाकडी परातीत काढून त्यात व्हिनेगर मिसळतो, पंख्याने वारा घालतो आणि परात घासून ठेवतो. गेल्या रविवारी घरी आला होता. जेवता जेवता म्हणाला, "आई, सोडू का?" मला उत्तर सुचलं नाही.

त्या रात्री त्यानेच मला जिरो ओनोंवरचा २०११ चा माहितीपट लावून दिला आणि स्वतः झोपायला गेला. मी एकटीने शेवटपर्यंत पाहिला. नंतरचे दोन दिवस मिळेल ते वाचत बसले होते.

ज्यांना हे गृहस्थ माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्म २७ ऑक्टोबर १९२५ चा, जपानच्या शिझुओका प्रांतातला. सातव्या वर्षी गावातल्या एका खानावळीत कामाला लागले. पुढे तोक्योत आले, पंचविशीत सुशीचे कारागीर झाले आणि १९६५ मध्ये गिंझा भागात स्वतःचं दुकान काढलं, 'सुकियाबाशी जिरो'. एका इमारतीच्या तळघरात, भुयारी रेल्वेच्या स्टेशनाला लागून, फक्त दहा खुर्च्या. २००७ मध्ये रेस्तराँना तारे देणाऱ्या मिशेलिनची तोक्योची पहिली यादी आली, तिच्यात या दहा खुर्च्यांच्या दुकानाला तीन तारे मिळाले. २०१४ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामांना तिथे जेवायला घेऊन गेले. २०१९ मध्ये मिशेलिनने दुकान यादीतून काढलं. चवीबद्दल तक्रार नव्हती, पण सर्वसामान्य माणसाला तिथे जागाच राखता येत नाही, म्हणून. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जिरो शंभर वर्षांचे झाले. तेव्हाच्या बातम्यांत होतं की आता रोज दुकानात येणं जमत नाही, पण हात दुखत नसले तर खास गिऱ्हाइकांसाठी ते अजून उभे राहतात.

माझ्या डोक्यातून जात नाहीत त्या बारीकसारीक गोष्टी. बाहेर पडताना हातमोजे घालतात, हातांना काही होऊ नये म्हणून. ऑक्टोपस पूर्वी अर्धा तास चोळायचे, पुढे चाळीस-पन्नास मिनिटं चोळायला लागले, कारण तो आणखी मऊ होतो. सुट्टी आवडत नाही. आणि पंच्याऐंशीच्या घरातला हा माणूस शांतपणे सांगतो की मला अजून पूर्ण जमलेलं नाही.

मी भारावले आणि तेवढीच घाबरलेही. एका कामात अख्खं आयुष्य घालवून माणूस नेमकं काय मिळवतो? आणि बावीस वर्षांच्या मुलाला आईने काय सांगावं?

---

१. खाडीकाठ

छान धागा, ताई. मुलाचं नंतर बोलू, आधी माशाचं बोलतो, कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय.

आपल्याकडे समज असा की सुशी म्हणजे ताजा कच्चा मासा भातावर ठेवला की झालं. तोक्योची सुशी, जिला एदोमाए म्हणतात, ती जन्मली १९ व्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहराच्या (म्हणजे जुन्या तोक्योच्या) रस्त्यांवर. तेव्हा बर्फ नव्हता, फ्रीज नव्हता. म्हणून कोणता मासा मिठात, कोणता व्हिनेगरमध्ये, कुठला सोया सॉसमध्ये मुरवलेला, ईलसारखा तर सरळ शिजवलेलाच. कारागिराचं कसब या मुरवण्यात आहे. ट्यूना, म्हणजे आपला कुपा, तोसुद्धा मोठा असेल तर काही दिवस ठेवून मुरू देतात, तेव्हा त्याची चव खुलते.

हे वाचल्यावर मला आमच्या आजीची आठवण झाली. ती बांगड्याला मीठ लावून किती वेळ ठेवायचं ते हवा बघून ठरवायची. पावसाळी हवेत वेगळं, मे महिन्यात वेगळं. घड्याळ बघताना मी तिला कधी पाहिलं नाही.

---

२. चकलीचा_सोऱ्या

वाचतेय. मुलाला सांगा, भात चांगला जमला तर सासरी मान मिळतो. :)

---

३. निशीकासाईकर

तोक्योत नऊ वर्षं झाली, निशी-कासाईत राहतो. इथे इतके भारतीय आहेत की कढीपत्त्यासाठी लांब जावं लागत नाही.

जिरोंच्या दुकानात मी गेलेलो नाही. मोठ्या हॉटेलच्या मार्फत किंवा जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीने गेलात तरच जागा मिळते. वीसेक सुशी, एकामागून एक, आणि अर्ध्या तासात जेवण संपतं. त्यासाठी मोजायचे पैसे ऐकून माझ्या बायकोने विषयच बंद केला.

पण आमच्या भागात आठ खुर्च्यांचं एक दुकान आहे, मालक सत्तरीचे. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा कोहादा खाल्ला. हा हाताएवढा चंदेरी मासा, काटेरी, दिसायला बिचारा. बाजारात त्याला भाव नाही. वाढत जातो तशी त्याची नावं बदलतात. अगदी पिल्लू असताना शिंको, मग कोहादा, मग नाकाझुमी, मोठा झाला की कोनोशिरो. आणि गंमत म्हणजे जसजसा मोठा होतो तसतसा स्वस्त होतो. उन्हाळ्यात शिंको येतो तेव्हा एका सुशीवर दोन-तीन पिल्लं लागतात, इतकी ती लहान.

मालकांनी मला सांगितलं की नवीन सुशीवाल्याकडे गेलास तर आधी कोहादा माग. ट्यूना महाग घेतला तर तो चांगलाच असणार, त्यात कारागिराचं काय? कोहादाला मीठ किती मिनिटं आणि व्हिनेगर किती मिनिटं, हे माशाच्या आकारावर, त्याच्या अंगातल्या चरबीवर आणि त्या दिवसाच्या हवेवर ठरतं. खाडीकाठ, तुमच्या आजींची आणि यांची भेट व्हायला हवी होती.

---

४. तर्कट

सगळे हळवे होण्याआधी दुसरी बाजू मांडतो.

जपानीत एक म्हण आहे: भात शिजवायला तीन वर्षं, सुशी वळायला आठ वर्षं. २०१५ मध्ये ताकाफुमी होरिए या तिकडच्या उद्योजकाने जाहीरपणे म्हटलं की सुशीसाठी वर्षानुवर्षं उमेदवारी करणं हा मूर्खपणा आहे. तिकडे मोठा गदारोळ झाला. पण त्याच सुमारास ओसाकातलं एक सुशीचं दुकान मिशेलिनच्या 'बिब गुरमाँ' (माफक दरात चांगलं जेवण देणाऱ्यांच्या) यादीत आलं, आणि तिथले कारागीर तीन महिन्यांचा वर्ग करून आलेले होते. तीन महिन्यांचा!

मग बाकीची दहा वर्षं कशासाठी? मला वाटतं, उस्तादाला फुकटचे हात मिळावेत यासाठी. सांजवातताई, तुमच्या मुलाचं वय शिकण्याचं आहे, परात घासण्याचं नाही. त्याने सोडावं.

---

५. षड्ज

तर्कट, तीन महिन्यांत सा-रे-ग-म येतं आणि भूपाची बंदिशही बसते. गाणं येतं का?

---

६. तर्कट

षड्जबुवा, गाण्याची उपमा येणार हे ठाऊकच होतं. :) पण श्रोत्याला ती बंदिश आवडली असेल तर?

---

७. मुक्काम_पोस्ट

अवांतर: आम्ही पूर्ण शाकाहारी, पुढच्या वर्षी जपानला जायचा बेत आहे. सुशीच्या दुकानात आमच्यासाठी काही असतं का, की नुसता भात खाऊन उठायचं?

---

८. निशीकासाईकर

@मुक्काम_पोस्ट, असतं. काप्पा माकी म्हणजे काकडीची गुंडाळी, कान्प्योची म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्या शिजवून केलेली, नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन (याचा वास सगळ्यांना झेपत नाही, आधीच सांगतो). पण कान्प्यो किंवा इनारी (तळलेल्या टोफूची भात भरलेली पिशवी) ज्या रसात शिजवतात त्यात बहुधा दाशी, म्हणजे जपानी सार, असते, आणि दाशीत सुकवलेला बोनितो मासा. तामागो म्हणजे अंड्याचा ठोकळा, त्यात एदोमाए पद्धतीत कोळंबीचा लगदाही घालतात. कडक शाकाहारी असाल तर बौद्ध मठांची शोजिन र्योरी शोधा, ती खरोखर मांसमच्छीविना असते. कोया डोंगरावरच्या मठात राहून जेवता येतं. आम्ही आईबाबांना तिथे नेलं होतं, दोघं खूश होते.

---

९. मुक्काम_पोस्ट

धन्यवाद! कोया डोंगर लिहून ठेवला. काकडीच्या गुंडाळीवर आठ दिवस निघतील.

---

१०. कढीलिंब

हॉटेलच्या किचनमध्ये अकरा वर्षं काढली आहेत, कॉमीपासून, म्हणजे अगदी खालच्या पायरीपासून. त्यामुळे या धाग्यावर लिहायलाच हवं.

तर्कट यांचं एक म्हणणं बरोबर आहे. कित्येक किचनमध्ये 'शिकवतोय' या नावाखाली पोरांना राबवतात. मी स्वतः एका हॉटेलात वर्षभर कांदे सोलले. कुणी येऊन सांगितलं नाही की याच कांद्याचं पुढे काय होतं, कुठल्या ग्रेव्हीला कुठली चिर का लागते. ते वर्ष वाया गेलं, असं मी आजही म्हणतो.

पण दुसरं वर्ष दुसऱ्या किचनमध्ये काढलं. तिथेही कांदेच. फरक एवढाच की तिथला शेफ रोज संध्याकाळी मला ग्रेव्ही चाखायला लावायचा आणि विचारायचा, आज काय वेगळं लागतंय? सुरुवातीला मला काहीच कळायचं नाही. चार महिन्यांनी कळायला लागलं की कांदा ओला होता, पाणी जास्त सुटलं, परतायला वेळ लागला, म्हणून गोडी जास्त आहे. काम तेच होतं, पण ते वर्ष मला आयुष्यभर पुरलं.

आता जिरोंच्या दुकानाचं. तिथे नवा मुलगा आला की आधी गरम टॉवेल पिळायला शिकतो. गिऱ्हाइकाला हात पुसायला देतात तो. चटका बसतो इतका गरम. तो नीट पिळता आल्याशिवाय माशाला हात लावू देत नाहीत. दहाएक वर्षांनी अंड्याचा ठोकळा करायची पाळी येते. नाकाझावा नावाच्या तिथल्या शागिर्दाने तो ठोकळा दोनशेहून जास्त वेळा केला आणि प्रत्येक वेळी नापास झाला. शेवटी एकदाचं पसंत पडलं तेव्हा त्याला रडू कोसळलं. त्याच माणसाने २०१३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये स्वतःचं दुकान काढलं आणि ते नावारूपाला आलं.

माझ्या मते या दोनशे वेळांमधली महत्त्वाची गोष्ट अशी की दर वेळी कुणीतरी तो ठोकळा चाखत होतं. नापास करायलाही कुणीतरी चाखावं लागतं.

सांजवातताई, मुलाला एकच विचारा: तू केलेला भात रोज कुणी चाखतं का? आणि चाखून तुझ्याशी बोलतं का? माझं उत्तर त्यावर ठरेल.

---

११. पाटावरवंटा

कढीलिंब, फार छान लिहिलंत. शेवटचा प्रश्न लाख मोलाचा.

---

१२. अनवट

सगळे कारागिरीबद्दल बोलताय, मला त्या घराबद्दल बोलायचं आहे.

जिरोंच्या मुलांच्या लहानपणीची एक हकिगत त्याच माहितीपटात आहे. पहाटे पाचला बाप घराबाहेर, रात्री दहानंतर परत. एकदा रविवारी ते घरी झोपलेले दिसले तर मुलांनी आईला सांगितलं, घरात कुणीतरी अनोळखी माणूस झोपलाय. लोक हसतात या प्रसंगावर. मला हसू आलं नाही. त्या आईने एकटीने काय काय निभावलं असेल? तिच्याबद्दल अख्ख्या माहितीपटात जवळजवळ काहीच नाही.

आणि मोठा मुलगा योशिकाझु. कॉलेजला जायचं होतं, वैमानिक व्हायचं होतं, गाड्यांच्या शर्यतीत उतरायचं होतं. वडिलांनी दुकानात ओढलं. आज साठी केव्हाच उलटून गेली आहे. वडिलांना सत्तराव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला तेव्हापासून बाजारातून मासे आणायचं काम त्याच्याकडे आलं. मिशेलिनचे परीक्षक गुपचूप जेवून गेले तेव्हा त्यांच्यापुढची सुशी त्यानेच वळलेली होती, असं तिथले खाद्यसमीक्षक यामामोतो सांगतात. तीन तारे त्याच्या हातांचे, नाव बापाचं.

याच योशिकाझुने २०११ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्राला सांगितलं होतं की पाळीमुळे बायकांच्या चवीत फरक पडतो, म्हणून त्या सुशीचे कारागीर होऊ शकत नाहीत. बायकांचे हात गरम असतात, मासा खराब होतो, हेही तिकडे पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. आपल्याकडे लोणच्याला हात लावू न देणाऱ्या सासवा होत्याच की. २०१० मध्ये तोक्योच्या आकिहाबारा भागात 'नादेशिको' नावाचं दुकान निघालं, सगळ्या कारागीर बायका. त्यांना गिऱ्हाइकांचे टोमणे खावे लागले, पण त्यांनी सुशी वळून दाखवली.

मला जिरोंच्या हातांबद्दल आदर आहे. पण परिपूर्णता म्हणताना तिची किंमत कुणी भरली तेही लिहायला हवं.

---

१३. सांजवात

अनवट, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. त्या आईचं माझ्याही मनात आलं होतं, मला शब्द सापडले नव्हते. आभार.

कढीलिंब, तो प्रश्न मी या रविवारी विचारणार आहे.

---

१४. खाडीकाठ

अनवटताईंशी सहमत. फक्त एक भर घालतो, योशिकाझुची बाजू म्हणून. तो रोज त्सुकिजी बाजारात सायकलने जायचा (बाजार २०१८ मध्ये तोयोसुला हलला). तिथे त्यांचा ट्यूनावाला वेगळा, कोळंबीवाला वेगळा, ऑक्टोपसवाला वेगळा. प्रत्येकाने आयुष्यभर तो एकच जीव विकला. ट्यूनावाला म्हणतो की बाजारात दहा ट्यूना असतील तर त्यांतला एकच सर्वांत चांगला असतो, आणि तो मी घेतो, नाहीतर काहीच घेत नाही. तांदूळवाल्याने तर एका मोठ्या हॉटेलला तो तांदूळ विकायला नकार दिला, कारण तो शिजवता येणारा माणूस त्यांच्याकडे नाही. म्हणजे जिरो एकटे नाहीत. त्या एका घासामागे अशी दहा माणसं आहेत.

आमच्या धक्क्यावरही असं होतं. आजीला पापलेट एका कोळणीकडूनच लागायचे. ती नसली तर त्या दिवशी आमच्याकडे वरणभात.

---

१५. चकलीचा_सोऱ्या

मला कुणी सांगेल का, सुशीवरच्या माशाला जपानीत 'नेता' म्हणतात हे खरं आहे का?

---

१६. निशीकासाईकर

अगदी खरं. वरचा मासा नेता, खालचा भात शारी. तिकडच्या दुकानांची स्वतःची बोली आहे. सोया सॉसला मुरासाकी म्हणजे जांभळा, आल्याच्या लोणच्याला गारी, वासाबीला नामिदा म्हणजे अश्रू.

---

१७. चकलीचा_सोऱ्या

म्हणजे नेता वर चमकतो आणि भार सगळा भात उचलतो. समजलं. :)

---

१८. षड्ज

सोऱ्याताई, तुम्ही गमतीत म्हणालात, पण सुशीच्या कारागिरांना विचारा, बरेच जण सांगतील की चवीत भाताचा वाटा माशाहून मोठा आहे.

तर्कट, आता तुम्हाला उत्तर देतो, नुसता टोमणा मारून पळालो होतो. माझ्या गुरुजींनी मला पहिलं वर्षभर पहाटे फक्त खर्जाचा रियाज करायला लावला. कंटाळा यायचा, मी चिडायचो. एका पहाटे पहिल्यांदा मला माझाच षड्ज तंबोऱ्याच्या खाली गेलेला ऐकू आला. गळा तोच होता, कान नवा झाला होता. तीन महिन्यांच्या वर्गात हात तयार होत असतील, मी नाकारत नाही. जीभ आणि कान तयार व्हायला मात्र पुनरावृत्ती लागते, कारण फरक कळायला आधी तेच तेच हवं.

जिरो सत्तर वर्षं एकच काम करताहेत असं आपल्याला बाहेरून दिसतं. त्यांना ते रोज वेगळं दिसत असणार. नाहीतर ऑक्टोपस आणखी वीस मिनिटं चोळून बघावं हे म्हातारपणी सुचलं नसतं.

---

१९. तर्कट

षड्ज, हे पटलं. मुद्दा सोडत नाही, पण बदलतो. कान तयार होणार असेल तर वर्षं लागू देत. कुणी ऐकतच नसेल तर तीन महिनेही जास्त. म्हणजे मी कढीलिंब यांच्याजवळ येऊन पोचलो.

आता दुसरं काहीतरी. होरिए यांच्या फार आधी सुशी स्वस्त केली ती योशिआकी शिराइशी या ओसाकाच्या माणसाने. बिअरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या जाताना पाहिल्या आणि १९५८ मध्ये फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचं दुकान काढलं. १९७० च्या ओसाका एक्स्पोनंतर ती सगळीकडे पसरली. ज्या माणसाला जिरोंच्या दारात पाऊल टाकता येणार नाही त्याच्या लेकराला त्यामुळे सुशी मिळाली. मला हा माणूस जिरोंइतकाच मोठा वाटतो.

---

२०. निशीकासाईकर

तर्कट, इथे मी तुमच्या बाजूने. माझ्या मुलीची पहिली सुशी फिरत्या पट्ट्यावरचीच. प्लेट जवळ येताना ती टाळ्या वाजवायची.

---

२१. खाडीकाठ

अवांतर नाही, पण थोडं कडू लिहितो. हे सगळं ज्याच्या जिवावर चाललंय तो मासा उरेल का? २०१९ च्या जानेवारीत तोयोसुच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ब्लूफिन ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. नव्या वर्षाचा पहिला लिलाव म्हणजे मानाचा आणि जाहिरातीचा, रोजचा भाव तेवढा नसतो. पण त्या माशाची बेसुमार मासेमारी झाली हे खरंच आहे. पॅसिफिकमधला त्याचा साठा इतका खालावला की देशांना मिळून मर्यादा घालाव्या लागल्या. त्यानंतर तो सावरू लागला, ही चांगली बातमी.

जिरोंनी स्वतः २०१४ मध्ये परदेशी पत्रकारांपुढे सांगितलं होतं की आज आपण जे मासे वापरतो तेच पुढच्या काळातल्या सुशीत असतील असं वाटत नाही. माहितीपटातही बाप-लेक याबद्दल बोलतात. परिपूर्णतेचा ध्यास घेतलेल्या माणसाला आपल्या हाताखालचा मालच कमी होताना बघावा लागतो, यापेक्षा मोठं दुःख नसेल. आमच्या बंदरावर म्हातारे कोळी असेच बसलेले असतात. त्यांना बोलतं केलं की ते पूर्वीच्या घोळीच्या आकाराबद्दल सांगतात, हात पसरून.

---

२२. अनवट

खाडीकाठ, हात पसरून दाखवणारे म्हातारे डोळ्यांपुढे उभे राहिले.

---

२३. पाटावरवंटा

मी जपानला गेलेले नाही आणि सुशी एकदाच खाल्ली आहे, नातीच्या वाढदिवसाला. पण भाताबद्दल बोलण्याचा हक्क मला आहे. चाळीस वर्षं गणपतीत दोनशेच्या वर मोदक करत आले.

मोदकाच्या उकडीचं पाणी मी अजून मापाने घेत नाही. पिठी जुन्या तांदळाची की नव्या, आंबेमोहोर की बासमतीची कणी, दळून किती दिवस झाले, हे बोटांना कळतं. सुरुवातीची सात-आठ वर्षं माझे मोदक फुटायचे. सासूबाई फुटलेला मोदक पानात घेऊन खायच्या आणि एक वाक्य बोलायच्या. "आज पाणी कमी." "आज मळायचा कंटाळा केलास." त्यापलीकडे कधी बोलल्या नाहीत, आणि न खाता कधी बोलल्या नाहीत. कढीलिंब, तुम्ही लिहिलंत तेव्हा मला त्याच आठवल्या.

नवव्या वर्षी त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसरा मोदक घेतला.

सांजवात, तुझ्या मुलाला विचार, नव्या तांदळाला पाणी किती घालतोस? सहा महिन्यांत मधे एकदा तरी तांदूळ बदलला असणार. त्याला फरक कळला असेल तर तो शिकतोय. कळला नसेल तर कुणी शिकवत नाहीये.

---

२४. कढीलिंब

पाटावरवंटा आजी, साष्टांग नमस्कार. माझ्या प्रश्नापेक्षा तुमचा प्रश्न चांगला आहे.

---

२५. षड्ज

"दुसरा मोदक घेतला." वा.

---

२६. मुक्काम_पोस्ट

सांजवातताई, रविवार होऊन गेला. काय झालं ते सांगा, आम्ही वाट बघतोय.

---

२७. सांजवात

सांगते. रात्री साडेअकराला लिहितेय, कारण आत्ताच बोलणं संपलं.

जेवण झाल्यावर मी कढीलिंब यांचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, मुख्य शेफ जपानी आहेत, साठीच्या पुढचे, इंग्रजी तोडकंमोडकं. रोज सेवा सुरू होण्याआधी भाताच्या चार शितांची चव घेतात. मग एक तर मान हलवतात, नाहीतर "पाणी" किंवा "वारा" असा एकच शब्द बोलतात आणि जातात. पोराला हे अपमानाचं वाटत होतं. "एक शब्द बोलतात फक्त, आई. सहा महिन्यांत माझं नाव सुद्धा घेतलं नाही."

मग मी आजींचा प्रश्न विचारला. नव्या तांदळाला पाणी किती?

आणि मंडळी, माझा मुलगा जो बोलायला लागला तो पाऊण तास थांबला नाही. नव्या तांदळात ओल जास्त असते, म्हणून पाणी कमी. पण सुशीला निव्वळ नवा तांदूळ चालत नाही, तो व्हिनेगर नीट पीत नाही, म्हणून जुना मिसळतात. मधे नवी पोती आली तेव्हा भात तीन दिवस चिकट झाला आणि तीन दिवस शेफ "पाणी" म्हणाले. चौथ्या दिवशी याने स्वतःहून पाणी कमी केलं, भिजवायची वेळही दहा मिनिटांनी घटवली. शेफनी चव घेतली आणि मान हलवली. व्हिनेगर ओतल्यावर भात ढवळायचा नाही, चमच्याने कापल्यासारखा उलटायचा, नाहीतर शीत मोडतं. मुंबईच्या जुलैत वारा जास्त वेळ घालावा लागतो. भात हाताला लागतो तेव्हा अंगाइतकाच कोमट हवा, थंड झाला की मासा आणि भात तोंडात वेगवेगळे राहतात. हे सगळं त्याने मला ताटातल्या उरलेल्या भातावर दाखवलं.

मी अनवट यांचंही बोलले. म्हटलं, जिरोंसारखं सगळं सोडून फक्त तेच करावं असं मला वाटत नाही. तुला घर हवं, मित्र हवेत, आणि उद्या लग्न केलंस तर तुझ्या मुलांना तू अनोळखी वाटायला नकोस. तो म्हणाला, शेफची बायको दर गुरुवारी दुकानात येऊन जेवते, आणि त्या दिवशी ते जरा जास्त बोलतात.

सोडायचं की नाही हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सकाळी सहाच्या गाडीचं तिकीट काढून आलाय, डबा भरून ठेवलाय.

तर्कट, तुमचं त्याला वाचून दाखवलं. ओसाकाच्या दुकानाबद्दल त्याला माहीत होतं. म्हणाला, तीन महिन्यांत काय काय शिकवतात तो अभ्यासक्रम मला बघायचाय.

---

२८. तर्कट

ताई, मुलगा हुशार आहे. माझ्याकडे सापडलं तर इथेच डकवतो.

---

२९. पाटावरवंटा

दहा मिनिटं भिजवणं कमी केलं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं ना? मग झालं तर.

बाळ पुढच्या खेपेला आला की आमच्याकडे पाठव. गणपती जवळ आलेत, मला उकड मळायला हात हवेत.

---

३०. कढीलिंब

आजी, मीही येऊ का?

---

३१. पाटावरवंटा

ये. पण नारळ तुला खवायचे.